खालचा दिवा

भाईंदर पश्चिमेला रिक्षात बसलो तेव्हा ऊन कललं होतं. नैरोबीहून सुट्टीवर आईकडे मीरा रोडला आलो की दर वेळी मी हा प्रवास टाळत आलो होतो. युद्धाच्या मुलखात पोती भरलेलं विमान उतरवणाऱ्या मला उत्तनपर्यंतचा रस्ता जमत नव्हता.

"उत्तन? पिकनिक को अकेला कौन जाता है, साहेब?" रिक्षावाला हसला.

राई गाव मागे पडलं, मग मिठागरं लागली. मिठाचे ढीग, पांढरं पाणी, माणूस एकही नाही. मला तिकडच्या गवताळ मैदानाची आठवण झाली.

दक्षिण सुदानात आम्ही धान्य आणि औषधं न्यायचो. भरदिवसा खालून गोळीबार व्हायचा, म्हणून दिवेलागणीला उतरायचं. पास्कू हा माझ्या विमानाचा लोडमास्टर (माल चढवणं, उतरवणं आणि वजन सांभाळणारा). उत्तनच्या मच्छीमाराचा मुलगा. धावपट्टी म्हणजे नुसतं कापलेलं गवत. तिथे त्याने आपल्या गावची रीत लावली होती. अलीकडच्या टोकाला जमिनीवर एक कंदील, पलीकडच्या टोकाला उंच खांबावर दुसरा. "दोन्ही एकावर एक दिसले की सरळ ये, कॅप्टन. आमच्याकडे खालचा खडकावर, वरचा घराच्या ओट्यावर. होड्या अशाच खाडीत शिरतात."

एकदा जखमींना जागा व्हावी म्हणून तो स्वतःहून मागे राहिला. दुसऱ्या संध्याकाळी मी त्याला आणायला गेलो. दोन्ही दिवे एका रेषेत होते. मी खाली येत असताना खालचा दिवा बाजूला सरकला. मी विमान वर उचललं आणि तळाकडे वळवलं. पुढे ती जागा दुसऱ्या फौजेने घेतली. पास्कूचा पत्ता आजवर लागलेला नाही.

'येऊ नको' असं तो सांगत होता, की कंदील घेऊन माझ्याकडे धावत सुटला होता? तेवढंच मला त्याच्या आईला विचारायचं होतं.

उत्तनच्या वळणावर एक पांढरा क्रूस आहे. तिथून समुद्र अचानक समोर येतो. रिक्षा तिथेच बंद पडली. रिक्षावाला प्लग पुसत बसला आणि मी चालत निघालो. दोन्ही बाजूंना वलांड्या (बोंबील वाळत घालायचे बांबूचे मांडव) होत्या. वाऱ्यावर बोंबील एकमेकांवर आपटत होते. बाकी सगळं गाव गप्प होतं.

पास्कूची आई दारातच बसली होती. पाय सुजून खांबासारखे झालेले.

"माय, मी पास्कूचा कॅप्टन."

"आता आलास? त्यो तर सांगायचा, तू वेळेचा पक्का हायस." तिने आत हाक मारली. सुनेने तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण आणून ठेवलं. "जेव आधी. मंग विचार काय ते."

भाकरी मोडता मोडता मी सगळं सांगितलं. ती कोर्टात बसल्यासारखी ऐकत होती.

"दिवा विझला का हलला?"

"हलला."

"हलतच राह्यला?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं, मी स्वतःलाही नाही. डोळे मिटून पाहिलं. "नाही. बाजूला जाऊन थांबला."

"मंग त्याने ठेवला. धावनारा मानूस दिवा ठेवत न्हाय."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. "म्हणजे परत जा, असंच ना?"

"परत जा कुठून काढलंस?" ती चिडली. "बाहेर थांब! पानी चढलं, वाट मोकळी झाली का दिवा परत जाग्यावर ठेवायचा. तवर होडी समोरच फिरते. घरी कोन जातं?" मग हळू आवाजात म्हणाली, "तू किती थांबलास?"

मी ताट बाजूला सारलं.

अंधारून आलं. तिने बसल्या बसल्या कंदील पेटवला आणि सुनेने तो ओट्याच्या उंच खांबाला टांगला.

"अजून लावता?"

"बोटीवर यंत्रं आली. दुसऱ्या कोनाला नको. माज्यासाठी लावते."

"आणि खडकावरचा? खालचा?"

सून लगबगीने आत गेली. म्हातारीने सुजल्या पायांकडे पाहिलं. "त्यो लागतो."

"कोण लावतं?"

"लागतो म्हनलं ना. जाताना क्रुसापाशी उभा राहून बघ."

रिक्षा चालू झाली होती. मी क्रुसापाशी उभा राहिलो. वर खांबावरचा कंदील होता. खाली खडकावर दुसरा, रेषेपासून बराच बाजूला. भरतीचं पाणी खडकाला लागलं होतं. दिव्याच्या उजेडात दगड दिसत होते, माणूस दिसत नव्हता.

"चलें, साहेब?"

"रुको थोडा."

"किसके लिए?"

मी बोट दाखवलं. "कोई मच्छीवाला होगा," तो म्हणाला. मग बराच वेळ बघत राहिला आणि त्याने रिक्षाचा दिवा बंद केला. गळ्यातला ताईत त्याने मुठीत धरला होता.

पाणी चढत गेलं. मग खालचा दिवा हलला. सावकाश, हातात धरून चालावं तसा. बरोबर वरच्या दिव्याखाली येऊन थांबला.

मीरा रोडला पोहोचायला बरीच रात्र झाली. आईने दार उघडलं आणि विचारलं, इतका वेळ का रे थांबलास? मी म्हटलं, थांबायला सांगितलं होतं.

पास्कूच्या आईच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी तिच्यासमोर देऊ शकलो नाही. ते इथे लिहितो. त्या संध्याकाळी टाकीत धावपट्टीभोवती आणखी बऱ्याच फेऱ्या मारण्याइतकं इंधन होतं. मी एकही फेरी मारली नाही.