खोव्याच्या जलेबीचा उखाणा

जबलपूरच्या आमच्या मराठी मंडळातल्या बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुप मी कित्येक वर्षं म्यूट करून ठेवला होता. सकाळी डोळे उघडायच्या आत तिथे गुलाब फुललेले असायचे. गुलाब, गुलाबावर दव आणि खाली सुप्रभात. एकीनं पाठवला की दुसरी तोच गुलाब पुन्हा पाठवणार. हळदीकुंकू कुणाकडे आणि किती वाजता एवढं कळलं की माझं काम भागायचं. यांच्या हातात मोबाईल दिला कुणी, असं मी आईपाशी कुरकुरायचे.

"तुले काहून त्रास होऊन राहिला? गुलाबच तर आहे," आई म्हणायची.

तिला चालायचं ते, कारण त्या ग्रुपवर तिचा मान मोठा होता. मंडळात नवी सून आली की तिचा पहिला उखाणा आईच रचून द्यायची. त्यात फॅक्टरीचा भोंगा यायचा, नर्मदेचा ग्वारीघाट यायचा, खोव्याची जलेबी यायची. हिंदी घरांतून आलेल्या मुलींनाही म्हणता येईल असं सोपं असायचं सगळं. आणि दर संक्रांतीला ती स्वतःसाठी एक नवा बांधायची. बाबांना ती जन्मभर 'अहो' म्हणाली. त्यांचं नाव तिच्या तोंडून ऐकायला मिळायचं ते फक्त उखाण्यात, आणि तेव्हा बाबा दुसऱ्या खोलीत पेपर वाचत असल्याचं सोंग करायचे.

मग एका सकाळी पोळ्या लाटतानाच आईला पक्षाघात झाला. हात हळूहळू वळायला लागला, पाय टेकू लागला, पण बोलणं गेलं ते गेलंच. माणसं ओळखायची, डोळ्यांनी हसायची, आणि शब्द काढायला गेली की नुसता वारा. चिडून ती तोंड भिंतीकडे फिरवायची. डॉक्टर म्हणाले, बोलतं करायचं असेल तर आत्ताच मेहनत घ्या, पुढे अवघड होत जातं.

अधारतालला आईबाबांच्या घरी बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक मुलगी येऊ लागली. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "घर में कौन सी भाषा बोलते हैं आप लोग?"

"हिंदी, हिंदी," बाबा लगेच म्हणाले.

खोटं बोलायचं म्हणून नाही. जन्मभर फॅक्टरीत काम केलेला माणूस. बाहेरच्यानं विचारलं की आपण हिंदीच, अशी जीभ वळलेली. जबलपूरच्या आम्हा मराठी लोकांचं हे असंच. दारात कुणी आलं की आमचं मराठी स्वयंपाकघरात पळतं. मीही शेजारीच बसले होते, मलाही त्यात काही चूक वाटली नाही. आणि मग कितीतरी दिवस ती बिचारी आईपुढे चमचा धरून "ये क्या है, अम्मा?" विचारत राहिली आणि आई चमच्याकडे बघत राहिली. चमचा तिला कळत होता. पण 'ये क्या है'चं उत्तर तिनं आयुष्यात घरात कधी दिलंच नव्हतं.

एका दुपारी गॅसवरचं दूध उतू गेलं आणि आई खुर्चीतून स्पष्ट बोलली, "अगं बाई."

त्या मुलीनं वही बाजूला ठेवली. "ये कौन सी भाषा है, दीदी?" मी सांगितलं. ती बाबांवर रागावली नाही, पण कपाळाला हात तिनं लावलाच. म्हणाली, जे लहानपणापासून म्हणत आल्या असतील ते द्या त्यांना. पाठ असलेलं, तालातलं. आणि तुमच्या मोबाईलवर त्यांच्या मैत्रिणींचे आवाज मागवा. एक सांगते, वाक्य अर्धंच म्हणायचं आणि थांबायचं. पुढचं अम्मांना म्हणू द्यायचं.

म्हणून मी, ग्रुप म्यूट करून बसलेली शहाणी, त्याच ग्रुपवर लिहायला बसले. सगळं खरं सांगितलं. आईचं बोलणं परत आणायला तुमचे आवाज हवेत, उखाणे पाठवा, अर्धे पाठवा.

ग्रुप चालवणारी काकू, बडा फुहाऱ्याच्या बाजारात ब्लाउजपीसचं दुकान असलेली, तिनं लगेच हुकूम सोडला, "आजपासून गुलाब बंद. आवाज पाठवा." आणि आवाज आले. दुकानातून, कुकरच्या शिट्टीमागून, रेल्वे क्वार्टरच्या गच्चीवरून. लेकीकडे नागपूरला गेलेल्या बाईनंही पाठवला. मी माझ्या घरून, जबलपुरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यातून, स्कूटीवर रोज सकाळी आईकडे जायचे आणि एकेक लावायचे. आई कान देऊन ऐकायची, मान डोलवायची, काहींना हसायचीही.

पण थांबेल तर ती आमची बाई कसली. अर्धं म्हणायचं असं ठरलेलं असताना प्रत्येकीनं उखाणा शेवटपर्यंत नेला, वर स्वतःच्या नवऱ्याचं नाव ठसक्यात घेतलं आणि "कशा आहात, काळजी घ्या" हेही जोडलं. मी ग्रुपवर पुन्हा पुन्हा लिहिलं, थांबा गं. सगळ्या "हो हो" म्हणाल्या आणि पुन्हा तेच. मला राग यायचा आणि स्कूटीवर परतताना रडूही यायचं. एवढ्या जणी एका बाईसाठी सकाळची कामं टाकून मोबाईलपुढे बोलत होत्या. कुणावर रागावणार?

मग काकूच्या सुनेचा आवाज आला. ती हिंदी घरातली, मराठी समजतं पण बोलायला घाबरते. तिच्या पहिल्या हळदीकुंकवाला आईनं रचून दिलेला उखाणाच ती म्हणायला लागली.

"खोव्याची जलेबी, पाक भरला काठोकाठ..." आणि अडली. "अरे यार. मावशी, आगे क्या था? मी भूल गई."

पुढे नुसती शांतता. पोरगी खरंच विसरली होती आणि आठवत बसली होती.

आईच्या भुवया वर गेल्या. आपण रचलेलं कुणी विसरावं हे तिला कधीच खपलं नव्हतं. ओठ हलले. मी मोबाईलवरचं आवाज भरायचं बटण दाबून धरलं. आणि तुटक, जड, पण तालात, आईनं पुढची ओळ धरली. त्या ओळीत काकूच्या मुलाचं नाव यायचं होतं. आईनं बाबांचं घेतलं. पूर्ण घेतलं, 'राव' लावून.

"...रावांच्या सोबतीनं सोपी होते वाट."

बाबा स्वयंपाकघरात तिच्यासाठी पेज ढवळत होते. पळी हातात घेऊनच दारात आले. या वेळी पेपर नव्हता, सोंग करायला काहीच नव्हतं. ते तसेच उभे राहिले आणि पळीतली पेज फरशीवर ठिबकत राहिली.

मी बटण सोडलं आणि आईचा आवाज ग्रुपवर गेला. या बायका थांबल्या, त्या तेव्हा. मग बंदी मोडून गुलाब यायला लागले. एकीचा, मग दुसरीचा तोच, मग तिसरीचाही तोच, दवासकट. मी एकेक उघडून पाहिला आणि एकही पुसला नाही.

आईनं बाबांकडे पाहिलं, मग फरशीकडे.

"सांडून राहिलं," ती म्हणाली.