दादाच्या गाडीवरचे सूर्य-चंद्र

मोखाड्याहून माणूस आला तेव्हा मी जव्हारच्या मुलींच्या शाळेत हातच्याची बेरीज शिकवत होते. तो दारातच थांबला आणि म्हणाला, डॉक्टर पहाटे गेले. मी मान हलवली, फळ्यावरचं गणित पुरं केलं, मग खडू खाली ठेवला. त्याला आता काही आठवडे झाले. शेजारणी म्हणतात, एकदा रडून घे. मला अजून रडू आलेलं नाही...

दादा माझा थोरला भाऊ, संस्थानच्या दवाखान्यात डॉक्टर. मी लहान वयात विधवा झाले, तेव्हा त्याने मला इथे आणलं, शिकवलं, शाळेत लावलं. त्याने लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे मी कधी विचारलं नाही. पाड्यापाड्यांवर फिरण्यासाठी संस्थानने त्याला मोटारसायकल दिली, तेव्हा तो फार खूश होता. गाडीच्या तोंडाशी धूळ-पाऊस अडवायला सेल्युलॉइडची, न फुटणारी पारदर्शक काच होती. जिथवर गाडीवाट असेल तिथवर गाडी, पुढे पायी. पण गाडीचा आवाज त्याच्या आधी डोंगरात पोचायचा आणि पाडे ओस पडायचे. लोकांना वाटायचं, जंगलखात्याचा साहेब आला.

एका पावसाळ्यात दाभोशाजवळच्या एका पाड्यावर तो गेला, तर झोपड्यांतून धूर निघत होता आणि माणूस एकही नव्हतं. त्याने हाका मारल्या, दुपारपर्यंत वाट पाहिली आणि परत आला. नंतर कळलं, एक बाळंतीण तापाने फणफणलेली होती. गाडी ऐकून तिला बाजेसकट रानात नेली. पावसात ती तिथेच गेली. औषध दादाच्या पिशवीत होतं. हे तिच्या नवऱ्यानेच दवाखान्यात येऊन सांगितलं, जराही न रागावता. दादाने त्याला विचारलं, मी गाडीवर काय लावू म्हणजे तुम्ही मला ओळखाल? त्याने बाहेर उभी असलेली गाडी पुढून निरखली. मग म्हणाला, "सूर्य-चांद काढ. आमच्यात लग्नाला भिंतीवर चौक लिहितात, त्यात असतात. जंगलवाला ते काढायचा नाही."

चित्र काढायचं काम माझ्याकडे आलं. पण त्या गुळगुळीत काचेवर रंग म्हणून टिकेना. आधी दारं रंगवायचा तेलरंग लावला. दोन दिवस वाळवला, तरी घाटातल्या पहिल्याच पावसात सालपटासारखा सुटून आला. मग राखेने काच खरवडून पुन्हा लावला. तेव्हा रंग जरा धरला, पण काच धुरकट झाली, दादाला समोरचं दिसेना आणि तो गाडीसकट चरात गेला. गुडघा फोडून घेऊन घरी आला. मी म्हटलं, झेंडा लाव, पाटी लाव. तो म्हणाला, "पाटी मागे वळते, झेंडा गुंडाळतो. लांबून समोर दिसलं पाहिजे, कुसुम." त्या बाईचं नाव त्याने माझ्यापुढे कधी काढलं नाही, पण जेवताना मधेच त्याचा हात थांबायचा.

वाट सापडली ती त्याच गुडघ्यामुळे. खरचटल्यावर लावायचं कलोडियन असतं, वाळलं की कातडीवर पापुद्रा धरणारं. पडवीत बसून तो ते लावत होता, तेव्हा एक थेंब शेजारी काढून ठेवलेल्या काचेवर उडाला. पुसायला गेला तर निघेना, नखानेही निघेना. तो काचेत जणू मुरला होता. दादा लंगडतच दवाखान्यात गेला आणि मलमात घालायची जस्ताची पांढरी भुकटी घेऊन आला. ती कलोडियनमध्ये कालवली. त्याचा वास डोक्यात जायचा, ते पटकन पेट घ्यायचं आणि वाळायचंही झरझर, म्हणून चुलीपासून लांब, अंगणात बसून मी एकेक रेघ घाईघाईने ओढली. डाव्या कोपऱ्यात सूर्य, उजव्यात चंद्र, मधे बघायला जागा. दुसऱ्या दिवशी दादाने वर घागरभर पाणी ओतलं, फडक्याने घासलं. रेघ हलली नाही. तो हसला, असं मला आठवतं... पण खात्रीने सांगता येत नाही.

पुढच्या फेरीत त्या पाड्यावर लोक झाडांआडून बघत राहिले. कुणी पळालं नाही. मग तो नवरा पुढे आला आणि त्याच्या मागून बाया आल्या. पुढे पोशेऱ्याहूनही बोलावणी येऊ लागली. ते गाव इंग्रजी हद्दीत, संस्थानाबाहेर, तरी दादा जायचा. तिथेच या वेळी तापाची साथ होती. तिथेच त्याला ताप भरला आणि मोखाड्याच्या दवाखान्यात त्या पहाटे तो गेला. गाडी बैलगाडीत घालून परत आली.

नवे डॉक्टर तरुण आहेत, सभ्य आहेत. ताबा घ्यायला आले तेव्हा त्यांनी संकोचत विचारलं, "ताई, काचेवरचं ते चित्र काढून टाकलं तर चालेल का?"

मी म्हटलं, "ते निघायचं नाही."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. गेल्या आठवड्यात ते दाभोशाला जाऊन आले. वाटेवरच लोक उभे होते, म्हणाले. आजाऱ्याला बाजेवर घालून खाली आणलं होतं.

दादा फेरीवरून आला की आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकत नसे. गाडी चढावर ऐकू आली की मी चुलीवर हंडा चढवायची. तो पोचेपर्यंत पाणी तापलेलं असायचं. काल संध्याकाळी चढावर गाडी वाजली. मी उठले, लाकडं पुढे सारली, हंडा ठेवला. गाडी घरावरून पुढे दवाखान्याकडे गेली. पाणी उकळलं. मी ते उतरवलं नाही, बसून राहिले. विस्तव विझल्यावर केव्हा तरी ते निवलं असेल.