मुंगूस, कासव आणि खालची किनार

माझ्या विणायच्या सुया तिने वाया घालवल्या, तिथून हे सगळं सुरू झालं. थंडी पडायच्या आत ह्यांचा स्वेटर पुरा करावा म्हणून मी कपाट उघडलं, तर सुयांची मागची बोंडं निळ्या-पिवळ्या रंगाने माखलेली. आतल्या खोलीत जाऊन बघते, तर लेक पलंगाशेजारी स्टुलावर बसलेली आणि तिसरी सुई रंगात बुडवून भिंतीवर ठिपके देतेय. माझ्या नाकावर राग कायम बसलेला, त्यात हे. मी म्हटलं, "भिंत काय तुझ्या बापाची आहे?" मागे न बघता म्हणाली, "बाबांचीच तर आहे. कारखान्याने दिलीय."

कारखान्याने दिली नव्हती, राहायला दिली होती. हा फरक टाउनशिपमध्ये राहणाऱ्याला नोकरीभर कळत नाही आणि निवृत्त झाल्यावर एकदम कळतो. आम्ही मूळचे जळगावकडचे. हे भोपाळच्या त्या सरकारी कारखान्यात सुपरवायझर, आणि मी लग्न होऊन आले ती थेट त्याच क्वार्टरमध्ये. तळमजला, मागे पेरूचं झाड, समोर मोकळं मैदान. मूल एकच, ही लेक. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्याचं कारण तिनेच मला दिलंय, ते पुढे येईल.

लहानपणी तिला ताप आला, सांधे सुजले, आणि तो ताप हृदयाच्या झडपेवर जाऊन बसला. शाळा निभावली. कॉलेजात वरच्या मजल्यावरचे वर्ग, जिने चढताना धाप लागायची, शेवटी दुसऱ्या वर्षाला नाव काढून घेतलं. मग दिवसभर घरात. पुस्तकं तरी किती वाचणार? अशात वरच्या मजल्यावरचे साहेब कारखान्याच्या कामाने ऑस्ट्रेलियाला जाऊन आले आणि येताना त्यांनी हिच्यासाठी तिकडचं एक कॅलेंडर आणलं. वर्ष सरलेलं, पण चित्रं अशी की नजर हटेना. सगळी ठिपक्यांची. ठिपक्यांच्या नद्या, ठिपक्यांचे सरडे, ठिपक्यांची जमीन.

प्रत्येक पानामागे बारीक इंग्रजीत माहिती होती, ती तिने मला वाचून दाखवली. मी मेथी निवडत होते, निम्मं ऐकलं, पण तेवढं आजही पाठ आहे. तिथले मूळचे लोक अशी चित्रं काढतात. जमीन वरून बघितल्यासारखी दाखवतात. माणसाचं एखाद्या प्राण्याशी नातं असतं, त्या प्राण्याला त्याने जपायचं असतं. आणि प्राणी सबंध काढायलाच हवा असं नाही, नुसती पावलं काढली तरी तो तिथे आहे असं समजायचं. एका पानावर मोठ्या पक्ष्याची तीन बोटांची पावलं होती. मी म्हटलं, हे बाण कुठे चाललेत? ती हसली. "आई, बाण समजलीस तर उलटी वाट लागेल. बोटं जिकडे फाकलीत, तिकडे पक्षी चाललाय. बाणाचं टोक म्हणजे त्याची टाच." शेवटच्या पानावर लिहिलं होतं की त्यांच्यातल्या बऱ्याच जमातींत माणूस गेलं की त्याचं नाव बरेच दिवस घेत नाहीत. ती म्हणाली, "किती छान ना." मी म्हटलं, "छान कसलं डोंबलाचं," आणि मेथी घेऊन उठले.

ठिपकेच काढायचे तर आपले गोंड लोक काय वाईट होते, श्यामला टेकडीवरच्या संग्रहालयात भिंतीच्या भिंती रंगवल्यात त्यांनी, असंही मी तिला ऐकवलं. त्यावर तिचं उत्तर तयार. "त्यांचं ते त्यांचं, ह्यांचं ते ह्यांचं. कांगारू मी काढणारच नाही, ती गोष्ट माझी नाहीये. मी फक्त रीत उसनी घेतेय. प्राणी आपल्या कॉलनीतले. तू टेन्शन मत ले." मराठीत बोल, असं मी सवयीने म्हटलं.

गंमत ह्यांची. भिंतीत खिळा ठोकायचा तरी ऑफिसात विचारून येणारा हा माणूस. त्यांनी संध्याकाळी भिंत पाहिली, पाणी प्यायले, आणि रविवारी स्कूटर काढून महाराणा प्रताप नगरातून अ‍ॅक्रिलिकच्या ट्यूबा घेऊन आले. वर मलाच म्हणाले, "घट्ट रंग आहे, ठिपका फुगीर येतो." जसं काही जन्मभर हेच केलंय.

त्या हिवाळ्यात भिंत भरत गेली. स्टुलावर बसून हात पोचेल तेवढीच, कारण हात वर धरला की तिला धाप लागे. वरची अर्धी भिंत कोरीच राहिली. बाबा कासव झाले. डोक्यावर हेल्मेट, काखेत डबा, सावकाश पहिल्या पाळीला निघालेलं कासव, हे तिचं म्हणणं. मला केलं मुंगूस. मी विचारलं, काय गं, मीच का मुंगूस? म्हणाली, "सारखी हुंगत असतेस ना. कोण आलं, काय शिजलं, मी गोळी घेतली का. आणि घरात साप निघाला तर बाबा खुर्चीवर चढतील, तू धावून जाशील." मी रागावल्याचं सोंग केलं. पण नंतर मागच्या पेरूखाली मुंगूस दिसलं की मी त्याच्याकडे आपल्या माणसासारखी बघायला लागले.

तिचा स्वतःचा प्राणी मात्र ती काढेना. विचारलं की म्हणे, "आहे मनात. तुला आवडणार नाही." चित्राच्या खाली, जमिनीलगत तिने दारापासून मुंगुसापर्यंत रंगीबेरंगी ठिपक्यांची एक पट्टी काढली. साडीला काठ हवा तशी भिंतीला किनार, असं मी समजले. तिनेही मला तसंच समजू दिलं.

समोरच्या मैदानात टिटव्या असत. दिवेलागणीला त्यांचं सुरू व्हायचं. आमच्याकडे टिटवी ओरडणं वाईट मानतात, आणि ज्या घरात पोर आजारी त्या घराच्या आईने ते कसं ऐकून घ्यावं? मी ओट्यावरून टाळ्या पिटून टिटवीला हाकलायची, "मेले, दुसरीकडे जाऊन ओरड." आतून लेक म्हणायची, "आई, ती घर सांभाळतेय गं. उघड्या जमिनीवर अंडी असतात तिची. कोणी जवळ आलं की ओरडत लांब पळते, म्हणजे येणारा तिच्या मागे जातो, घरट्याकडे बघत नाही." ती स्वतःही तेच करी. डॉक्टरांनी छातीत दुखतं का विचारलं की ती त्यांना कॅलेंडरची गोष्ट सांगत बसे. मला ते कळायचं.

मुंबईला ऑपरेशन ठरलं. हबीबगंज स्टेशनहून गाडीची तिकिटं काढून झाली, तिच्या नव्या चपला आणल्या. जायच्या आधीच एका दुपारी तिचा श्वास अडला आणि दवाखान्याची गाडी बोलवावी लागली. घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, हे मी तिला बोलायला लागली तेव्हापासून शिकवलेलं. शाळेत जाताना विसरली तर फाटकातून परत बोलवून म्हणायला लावायची. त्या दुपारी तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. स्ट्रेचर दारातून वळताना तिने माझ्याकडे पाहिलं, पण म्हणता काही आलं नाही. ती घरी परत आली नाही.

एवढं मोठं दुःख, आणि ही बाई एका शब्दाला धरून बसली, असं कुणी म्हणेल. म्हणोत. मला तोच शब्द टोचत राहिला. तिचं नाव मात्र माझ्या तोंडून येईना. तेव्हा कॅलेंडरचं ते शेवटचं पान आठवलं, आणि असं जगात आणखीही कुठे करतात, एवढाच आधार वाटला.

मी त्या खोलीत झोपू लागले. भिंतीवरून हात फिरवला की बोटांना तिचे ठिपके लागत. माझ्याजवळ तिचं म्हणावं असं तेवढंच होतं. वर्षं गेली, हे निवृत्त झाले, आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. नियम असा की घर जसं मिळालं तसं परत द्यायचं. शेजाऱ्यांकडून कॅमेरा आणून भिंतीचे फोटो काढले, तर प्रत्येकात फ्लॅशचा पांढरा गोळा आणि कडेला कासवाचं शेपूट. ठेकेदाराचा माणूस भिंत बघायला आला. ठिपक्यांवर नख घासून म्हणाला, "माताजी, ये तो खुरचना पड़ेगा।" मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, "हात तो लगाके देखो।" बिचारा पाय न वाजवता निघून गेला.

मी ह्यांना म्हटलं, "अहो, कारखान्यात जन्म घालवलात. साहेबांना सांगा, एक भिंत राहू द्या." दुसऱ्या दिवशी हे पांढऱ्या डिस्टेंपरचा डबा आणि ब्रश घेऊन आले. माझं डोकंच फिरलं. तोंडाला येईल ते बोलले, दगड आहात म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यांनी खरवडण्यापेक्षा मी पांघरूण घालतो. खाली तर राहील ती."

सामान बाग सेवनियाच्या नव्या घरी गेलं होतं. रिकाम्या खोलीत ह्यांनी पहिला हात दिला. कासव गेलं, मुंगूस गेलं, किनार गेली. आम्ही समोरच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसलो आणि थर्मासातला चहा प्यायलो. वाळेपर्यंत ऊन कललं आणि खिडकीतून तिरपं भिंतीवर पडलं. रंग नाहीसे झाल्यावर आता नुसता उंचसखलपणा दिसत होता. हेच आधी म्हणाले, "अगं, किनार बघ."

इतकी वर्षं त्या रंगांच्या गर्दीत जे दिसलं नव्हतं ते पांढऱ्यावर लख्ख उठून आलं. बारीक ठिपक्यांत मधे मधे जाड ठिपके होते, आणि ते जोडले की पावलं होत होती. तीन बोटांची, पाखराची, ओळीने, जमिनीलगत.

"टिटवी," मी म्हटलं.

हे दबल्या आवाजात म्हणाले, "दाराकडे चाललीय. तिला माहीत होतं म्हणायचं."

मलाही आधी तसेच बाण दिसले, सगळ्यांची टोकं दाराकडे. मग मेथी आठवली, आणि तिचं हसणं. मी गुडघ्यांवर रांगत जाऊन बोट लावून पाहिलं. बोटं खोलीच्या आत वळलेली होती. ती दारातून आत येत होती. कासवाला वळसा घालून शेवटचं पाऊल मुंगुसाच्या पोटाशी टेकलं होतं.

"जात नाहीये हो," मी म्हटलं, "येतेय." आणि मग मी रडले, मोठमोठ्याने, ती गेली तेव्हाही रडले नव्हते तशी. हे माझ्या पाठीवर हात ठेवून बसले होते.

ऊन उतरल्यावर ताबा घ्यायला ऑफिसचा माणूस आला. खोल्या पाहिल्या, नळ पाहिले, ह्या भिंतीपाशी थांबला. "सर, एक हाथ और लगेगा।" ह्यांनी उभ्या नोकरीत कुणाला नियमाबाहेर काही सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि म्हणाले, "नहीं लगेगा। इतना ही रहेगा।" तो माणूस माझ्या तोंडाकडे एकदा बघून किल्ली घेऊन बाहेर पडला.

दारात मी मागे वळले. "येते गं," म्हटलं, आणि तिचं नाव घेतलं.