आल्याचा चहा आणि सेन्सर

पेणच्या आमच्या गॅरेजात माझ्या नवऱ्याचं नाक प्रसिद्ध होतं. गाडी दारात लागली की हे वाकून धुराचा वास घेत, मान हलवत आणि चहा मागवत. निदान सांगत ते चहा प्यायल्यावर. गिऱ्हाइकांना वाटे, केवढा विचार करतो माणूस!

विचार कपात असायचा. आल्याचा चहा म्हणजे मिक्श्चरमध्ये पेट्रोल जास्त, बिनआल्याचा म्हणजे हवा जास्त. तपकीर ओढून ओढून यांचं नाक केव्हाच मेलं होतं. वास यायचा मला, मागच्या स्वयंपाकघरात. पण चार माणसांत बायकोनं इंजिनाबद्दल कसं बोलायचं? म्हणून ही युक्ती, माझीच. बाविशीत अक्कल नुसती उतू जात होती! नवऱ्याची पत वाढतेय म्हणून ही बावळट आलं ठेचताना गाणी म्हणायची.

हे गेले तेव्हा भेटायला आलेला जो तो त्या नाकाबद्दल बोलला. मी तोंडाला पदर लावून बसले होते. लोकांना वाटलं, रडतेय. मी दात आवळत होते. तेव्हाच ठरवलं, मरायच्या आधी एका तरी गाडीचं निदान माझ्या तोंडानं सांगायचं, आणि ते माझं म्हणून.

यंदा दिवाळीनंतर रोह्याचे एक मास्तर तिसऱ्यांदा गाडी घेऊन आले. आता गॅरेज बघणाऱ्या माझ्या मुलानं ऑक्सिजन सेन्सर बदलून दिला होता, तरी निडी गाव ओलांडलं की डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा पेटायचा. मुलगा स्कॅनर बघून म्हणाला, "हवा जास्त दाखवतोय. नवा सेन्सरपण खराब दिसतोय, सर."

धुराला तर कच्च्या पेट्रोलचा वास. सायलेन्सरचं तोंड काजळीनं काळं. हवा जास्त कुठली?

सवयीनं आल्याचा चहा नेला.

"आई, आल्यानं ॲसिडिटी होते मला. माहीत हाय ना?"

झालं! सगळी विद्या ॲसिडिटीत गेली. मग बोललेच.

"सेन्सर चांगला हाय. त्याच्या अलीकडे धुराच्या नळीचा जोड गळतोय. तिथून बाहेरची हवा शिरते, सेन्सर तीच मोजतो, न् इंजिन उगाच पेट्रोल ओततंय."

"आई, तू आत जा बघू."

लादी पुसायचं ओलं फडकं आणलं आणि सायलेन्सरच्या तोंडावर दाबलं. कोंडलेला धूर दुसरी वाट काढतोच. इंजिनाजवळच्या जोडातून फुस्सफुस्स सुरू झालं. मुलानं बॅटरी मारली. जोडातलं गॅस्केट जळलेलं.

ते बदललं. मास्तर वडखळपर्यंत चक्कर मारून आले, दिवा पेटला नव्हता. त्यांनी मला हात जोडले.

"मानलं, काकी! काकांचं नाक घरातच राहिलं म्हणायचं."

"व्हय तर," मुलगा म्हणाला, "बाबांचीच पुण्याई."

हीच वेळ होती. मी तोंड उघडलं.

"चहा टाकू?" एवढंच तोंडातून पडलं.

म्हणजे ती बाविशीतली बावळट कुठं गेलीच नव्हती. चहा टाकला. आलं मात्र घातलं नाही.