पडद्यातले चौदाजण

"मॅडम, तुमच्या पडद्यात कोणीतरी आहे, असं सहा नंबरची मुलगी म्हणते."

फोन सावंत सिस्टरांचा होता. परळच्या एका हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डच्या त्या इनचार्ज. मंगळवारची सकाळ होती, मी डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत कणीक मळत होते. कणकेच्या हातानेच फोन धरून विचारलं, "कोणीतरी म्हणजे कोण?"

"ते सांगत नाही. तीन दिवस धड झोपलेली नाही. डोळे मिटले की ते जवळ येतात म्हणते. डॉक्टर म्हणतात झोप नाही तर पोर बरं कसं होणार."

तो पडदा माझा होता.

मी पॅटर्न डिझायनर आहे. कापडावर फुलं, पानं, पक्षी छापलेले असतात, ते आधी कोणीतरी कागदावर काढलेले असतात. त्यांतली मी एक. आम्ही अख्खं कापड काढत बसत नाही. एकच चौकोन काढतो. तो शेजारीशेजारी आणि खालीवर छापत गेलं की कापडाचं अख्खं थान तयार होतं. या चौकोनाला आम्ही रिपीट म्हणतो. रिपीटमधली चूक एकदा होत नाही, ती थानभर होते.

हे काम होतं मुलांच्या वॉर्डातल्या दोन बेडमधल्या पडद्यांचं. ते बनवणाऱ्या कंपनीचं ऑफिस लोअर परळला आहे. विषय सुचेना म्हणून मी पाच दिवस रोज सकाळी शिवडीच्या जेट्टीवर जाऊन बसले. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि फ्लेमिंगो चरायला उतरतात. मी वहीभर स्केचेस केली. माना खाली, डोकी उलटी, चोची चिखलात. इतकं शांतपणे जेवणारं मी दुसरं कोणी पाहिलेलं नाही.

कंपनीचे दळवी सर वही चाळून म्हणाले, "हे सगळे मान खाली घालून काय उभे आहेत? बिल बघितलेल्या नातेवाइकांसारखे. माना वर कर. मोठे डोळे दे. मुलांना क्यूट वाटलं पाहिजे."

मी माना वर केल्या आणि प्रत्येक पक्ष्याला समोर बघणारे गोल काळे डोळे दिले. वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मलाही ते तेव्हा गोड वाटले. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या, आणि टाळ्या पडल्यावर कोण कशाला खुसपट काढतंय.

मोठी छपाई करण्याआधी थोडं कापड छापून बघतात, त्याला स्ट्राइक-ऑफ म्हणतात. त्या कापडाचा एक पडदा शिवून आठवडाभर सहा नंबरच्या बेडला लावला होता. शुक्रवारी सगळ्या वॉर्डांचं कापड छापायला जाणार होतं. एकदा छापलं की झालं. हॉस्पिटलातले पडदे विरेपर्यंत कोणी बदलत नाही.

दळवी सरांना फोन केला. ते हसले. "मेघना, मुलं इंजेक्शनलाही घाबरतात. म्हणून इंजेक्शन बंद करतात का?"

मुद्दा बिनतोड होता. तरी मी हॉस्पिटलला निघाले, कारण एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. मी आठ वर्षांची असताना मला टायफॉइड झाला होता. आमच्या खोलीत मोरीशेजारच्या भिंतीचा डिस्टेंपर उडाला होता आणि त्या डागात एक बाई होती. ती माझ्याकडे बघायची. आई म्हणायची, "अगं, भिंत आहे ती." घरातला प्रत्येक जण भिंतीसमोर उभा राहून मला हेच सांगायचा. त्या बाईची भीती मी अजून विसरलेले नाही.

सहा नंबरला जुई होती. सात वर्षांची, शिवडीच्या कोळी घरातली. पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये, त्यामुळे उठून पळायचीही सोय नव्हती. डोळ्यांखाली काळं झालेलं. शेजारी तिची आई स्टुलावर बसून होती.

मी कोण ते सिस्टरांनी आधीच सांगितलं असावं, कारण आई लेकीला म्हणाली, "ही बाई पडद्यावरची चित्रं काढनारी. सांग हिला काय ते."

मी पडद्यासमोर उभी राहिले. दोन्ही हातांनी तो ताणून बघितला. पक्षी, पाणी, तिवरांची मुळं. जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. काही नव्हतं. मोबाइलवर फोटो काढले, त्यातही काही नव्हतं. मला हायसं वाटलं आणि लगेच त्याची लाज वाटली.

"कुठे आहे गं तो?"

"तो नाय," जुई हळू आवाजात म्हणाली. जणू कोणी ऐकेल. "चौदा आहेत. उभं राहून नाय दिसत."

बेडवर बसायला परवानगी नसते. मी सिस्टरांकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "मी जरा औषधांची ट्रॉली बघून येते." मी फरशीवर गुडघे टेकले आणि जुईच्या डोक्याशेजारी उशीवर डोकं ठेवलं.

आधी काहीच दिसलं नाही. मग दिसलं.

पडदा टांगला की त्याला चुण्या पडतात. चुणीत कापडाचा मधला भाग आत जातो आणि खालून तिरकं बघितलं की लांबलांबचे दोन भाग शेजारी येतात. एका पक्ष्याचा उजवा डोळा आणि पुढच्या पक्ष्याचा डावा डोळा असे जवळ आले होते. मधे एक काडीसारखा पाय, तो नाक झाला होता. भोवती तिवरांच्या मुळांचे केस. प्रत्येक चुणीत एक चेहरा, खाली वाकून उशीकडे बघणारा. एकालाही तोंड नव्हतं. पंखा फिरला की चुण्या मिटायच्या, उघडायच्या, आणि ते सगळे एकदम डोळे बारीक करायचे.

मी मोजले. चौदा होते.

"दिसले?" जुईने विचारलं.

"दिसले."

ती रडायला लागली. आई घाबरली, पण मला ते रडणं कळलं. मला कोणी "दिसली" म्हणालं असतं तर मीही तशीच रडले असते.

रडू ओसरल्यावर तिने आणखी एक गोष्ट सांगितली. "ते पक्षी असे बघतच नायत. आमच्या जेट्टीवर येतात ना. त्यांचं लक्ष चिखलात असतं."

पाचही दिवस मी तेच तर बघितलं होतं. वहीत तेच काढलं होतं. आणि टाळ्यांसाठी खोडलं होतं.

तो पडदा तेव्हाच काढून जुना हिरवा लावायला लावला. काढलेला पडदा घेऊन थेट ऑफिस गाठलं, कॉन्फरन्स रूममधल्या दांडीवर चुण्या पाडून टांगला आणि दळवी सरांना म्हटलं, "सर, टेबलावर आडवे व्हा."

"काय?"

"दोन मिनिटं. पेशंटसारखे. उताणे."

सर टायसकट टेबलावर आडवे झाले. दाराच्या काचेतून अकाउंट्सवाले बघत होते. मी एसीचा झोत पडद्याकडे वळवला. आधी सर हसत होते. मग हसायचे थांबले. उठले तेव्हा त्यांनी पडद्याकडे पाठ केली नाही, बाजूबाजूने चालत दारापर्यंत गेले.

"शुक्रवार कॅन्सल कर," म्हणाले. "आणि ते डोळे काढ बाई."

डोळे काढले, माना खाली केल्या, वहीतले पक्षी परत आणले. नवीन स्ट्राइक-ऑफ आला तेव्हा मी तो इंच इंच तपासला. एकदा चुकलेल्या माणसाला सगळीकडे चेहरे दिसतात. आमच्या खोलीत एवढा पडदा टांगायला जागा नाही, म्हणून चाळीच्या गॅलरीत दोरीवर टांगला आणि खाली चटई टाकून आडवी झाले. शेजारच्या परबकाकी थबकल्या.

"काय गो, बरा वाटत नाय?"

"काकी, जरा झोपा ना इथे. यात कोण दिसतंय का बघा."

काकी गुडघे सांभाळत चटईवर आल्या आणि खूप वेळ बघत राहिल्या. "बगळे," शेवटी म्हणाल्या. "चिखलात खातत. कोणाकडे बघूक फुरसत नाय त्यांका."

तो पडदा मी स्वतः नेऊन सहा नंबरला लावला. पंखा फुल्ल केला. जुईने डावीकडून उजवीकडे एकेक चुणी तपासली. मी उभीच होते.

"नायत," ती म्हणाली. मग थोडा विचार करून, "पण मग ते गेले कुठे?"

"माझ्या घरी," मी म्हटलं. "कपाटात ठेवलेत."

"कुलूप लावलंस?"

"लावलं."

समाधान झालं असावं. दहा मिनिटांत तिला झोप लागली, तोंड उघडं टाकून. तिची आईही स्टुलावरच पेंगायला लागली.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. ज्याच्यासाठी डिझाइन करायचं, आधी त्याच्या उशीवर डोकं ठेवून बघायचं. बाकी सगळं उभ्या माणसांचं मत.

तो डोळ्यांचा पडदा खरंच माझ्या कपाटात आहे. त्या दिवशी घरी आल्यावर आधी कुलूप लावलं. मुलीशी खोटं बोलायचं नव्हतं म्हणून लावलं, असं मी सगळ्यांना सांगते.