ओठाला लावलेली काच

लहरीपुऱ्यातलं फत्तेसिंहरावांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान जेमतेम चार हात रुंद. पुढे काउंटरवर डोळ्याला भिंग लावून बसलेले ऐंशी ओलांडलेले फत्तेसिंहराव, मागे फुलाफुलांचा पडदा, आणि पडद्यामागे त्यांची सून पूर्णिमा. काच ओरखडलेलं घड्याळ कुणी आणलं, की म्हातारबुवा मान हलवून गुजरातीत ‘‘काले आवजो’’ म्हणत, म्हणजे उद्या या. गिऱ्हाइकाची पाठ वळली की घड्याळ पडद्याआड. दुसऱ्या दिवशी काच लख्ख! ‘‘दादांचा हात म्हणजे हात!’’ असं बाजार म्हणे, आणि आत बसलेल्या पूर्णिमाच्या अंगाचा तिळपापड होई.

कारण दादांचे हात तीन वर्षांपासून थरथरत होते. हे त्या दोघांनाच ठाऊक. हात काउंटरखाली ठेवून तोंडाने दुकान चालवण्यात बुवा पटाईत. पूर्णिमालाही त्यांना उघडं पाडायचं नव्हतं. चिमटा कसा धरायचा हे त्यांनीच तिला पोटच्या पोरीसारखं शिकवलं होतं. पण एकदा तरी कुणी आपलं नाव घ्यावं, असं तिला फार फार वाटे.

एका सकाळी अलकापुरीहून अनीशभाई घामाघूम होऊन आले. मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यांनी दिलेलं महागडं परदेशी घड्याळ, त्याच्या काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत करडी रेघ, आणि संध्याकाळी साखरपुडा!

‘‘मूकी जाव, सांजे लई जजो,’’ घड्याळ ठेवून जायला फत्तेसिंहरावांनी नेहमीच्या थाटात सांगितलं.

‘‘ना दादा! घडियाळ मारी नजर सामेथी नहीं खसे. अहीं ज करो, तमारा हाथे.’’

घड्याळ त्यांना नजरेआड होऊ द्यायचं नव्हतं, काम इथंच, दादांच्याच हातून हवं होतं; आतले सुटे भाग बदलले जातात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आता आली पंचाईत. पडद्याच्या फटीतून पूर्णिमा बघत होती. दादांनी पॉलिशची डबी ओढली आणि झाकण डबीवर खडखड वाजू लागलं. ही काच पॉलिशने घासायची नव्हे, हे तिने तिथूनच ओळखलं. बाहेर जावं तर दादांचं बिंग फुटणार, न जावं तर घड्याळाची वाट लागणार.

झाकणाचा आवाज थांबला.

‘‘पूर्णिमा, बाहेर ये गं. इथं, माझ्या स्टुलावर बस.’’

ती बसली. घड्याळ उचलून तिने काच खालच्या ओठाला लावली. अनीशभाई दचकले.

‘‘बेन, आ शुं करो छो?’’

‘‘प्लॅस्टिक ओठाला उबदार लागतं, काच गार लागते,’’ तिच्याऐवजी फत्तेसिंहरावच ऐटीत सांगू लागले.

मग तिने काचेवर पाण्याचा थेंब सोडला. साध्या काचेवर पसरतो तसा तो पसरला नाही, मण्यासारखा गोल राहिला.

‘‘नीलमाची काच आहे. साध्या लोखंडानं हिला ओरखडा पडत नाही. घड्याळ कुठं घासलं होतं?’’ तिने विचारलं.

‘‘लिफ्टनी जाळी साथे,’’ अनीशभाई ओशाळून म्हणाले.

‘‘मग ही रेघ म्हणजे काचेवर उतरलेलं जाळीचं लोखंड. काचेला काही झालेलं नाही.’’

तिने पडद्यामागे पडलेल्या आपल्या शाळकरी मुलाच्या कंपासपेटीतलं खोडरबर काढलं आणि हलक्या हाताने घासलं. रेघ पुसट झाली, मग नाहीशी झाली. अनीशभाईंनी घड्याळ उजेडात धरलं, फिरवून फिरवून पाहिलं आणि सवयीने दादांपुढेच हात जोडले.

‘‘दादा, तमारा हाथमां जादू छे!’’

फत्तेसिंहरावांनी दोन्ही हात काउंटरवर ठेवले. ते थरथरत होते, आणि त्यांनी ते थरथरू दिले.

‘‘आ हाथमां कंई नथी, भाई. त्रण वरसथी बधुं काम आ ज करे छे. पूर्णिमा नाम छे एनुं.’’

तीन वर्षांचं सगळं काम हिचंच, हे त्यांच्याच तोंडून ऐकून पूर्णिमाचे डोळे भरून आले. अनीशभाईंनी तिलाही हात जोडले, ‘‘पूर्णिमाबेन, सांजे सगाईमां आवजो,’’ असं साखरपुड्याचं आमंत्रण दिलं आणि धावतच निघाले.

दुसऱ्या दिवसापासून ती पुढे बसू लागली. पडद्यामागे आता फत्तेसिंहराव दुपारी घोरत असतात. गिऱ्हाइकाने आवाज कसला म्हणून विचारलं, की पूर्णिमा मान वर न करता सांगते, ‘‘जुनं घड्याळ आहे. चालू आहे, तोवर हात लावायचा नाही.’’