पाठमोरा शॉट

लेकीने कॅमेरा सांभाळलेला पहिला सिनेमा काल थिएटरात पाहिला. नोकरी गेल्याचं नवरा सांगतो तेव्हा बायकोचा चेहरा दिसतच नाही. दिसते फक्त पाठ, तीही दारातून, खालून. लाटणं थांबतं आणि पुन्हा फिरू लागतं.

"तोंड तरी दाखवायचं," शेजारच्या बाई पुटपुटल्या.

आमच्याकडेही ही बातमी अशीच आली होती. पोरीला माझे डोळे दिसू नयेत म्हणून मी ओट्याकडे वळून पोळ्या लाटत राहिले. ती दारात बसून चित्र रंगवत होती. तिला काही कळलं नाही, असंच मी इतकी वर्षं समजत होते.

"ती जिथे बसली होती तिथेच कॅमेरा ठेवलाय," मी बाईंना म्हटलं. "माझी लेक आहे."

आणि मी पाठ ताठ करून बसले.